अंगण राखणारे घर

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या पिंपळगाव रेणुकाईत दोन पैसे गाठीला आले, की माणूस प्रथम घर बांधावयास काढतो. त्यात गैर काहीच नाही. गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढलेल्यांना पक्क्या छताची ओढ लागणारच. प्रश्न आहे तो आकाराचा. ‘घर मोठे तर घराणे मोठे’ हे समीकरण आता सोयरिकीच्या बैठकीपर्यंत जाऊन पोहोचले आहे.

हाच प्रश्न आम्हां भावंडांपुढे उभा राहिला. नकाशा १२०० चौरस फुटांचा होता आणि त्यापायी अंगणातील कडुलिंब तोडावा लागणार होता. तेव्हा आम्ही हिशेबास बसलो. चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट, हा बांधकामातील ठोकताळा. ६०० चौरस फूट कमी बांधले, तर २४० गोण्या, म्हणजे १२ टन सिमेंट वाचते. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भट्टीच्या इंधनातूनही. टनामागे सुमारे ६०० किलो. आमच्या वाट्याचा आकडा ७ टनांवर गेला! विटांसाठी खरवडली जाणारी काळी माती, नदीची वाळू आणि जालन्याच्या कारखान्यांत सळईसाठी खर्ची पडणारी वीज, हे सारे निराळेच. शिवाय स्लॅबवर आळी करून पाणी भरावे लागते, भिंतींवर दिवसेंदिवस पाणी मारावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालना जिल्ह्याला त्या पाण्याचे मोल सांगावयास नको.

“लहान घर म्हणजे कोंडवाडाच की!” असा आक्षेप घरातूनच आला. परंतु जुन्या धाब्याच्या घरांत खोल्या मोजक्याच असत. ऊठबस ओसरीवर आणि उन्हाळ्यातील झोप अंगणात होई. अर्थात जुने ते सारे सोने नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावरील मातीचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. म्हणून आकारात काटकसर करावी, मजबुतीत मात्र कधीही करू नये.

अखेर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ऐसपैस ओसरी एवढ्यावर आमचे एकमत झाले. कडुलिंब वाचला. पुतण्याच्या सोयरिकीची वहिनींची काळजी अद्याप मिटलेली नाही. पाहुणे येतील तेव्हा त्यांना त्या झाडाखालीच बसवावे, असे तूर्त ठरले आहे.