पासोडीवर मांडलेलं विश्व

गळीत हंगामात तेलगावच्या चौकात आधी ऊस दिसतो, मग माणसं. माजलगाव, बीड, परळी, धारूर अशा सगळीकडचे रस्ते इथे येऊन मिळतात आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या नि बैलगाड्या सगळ्यांना थोपवून धरतात. माजलगाव धरणाच्या पाण्याने इथली रानं हिरवी झाली; तरी याच जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखात जातात. देहाच्या कष्टांपलीकडे काही आहे का, हा प्रश्न अशा मुलखात पोटभरल्यांचा वाटू शकतो. पण मराठीत तो ज्यांनी विचारला, त्यांतले दोघे इथून घाटापलीकडे, अंबाजोगाईला आहेत. मी त्यांच्याकडेच निघालो होतो.

धारूरचा घाट चढला की काळी रानं खाली राहतात आणि बालाघाटाचा मुरमाड माथा सुरू होतो. धारूरचा किल्ला आदिलशाहीतला. मोगलांनी त्याचं फतेहाबाद केलं, लोकांनी धारूरच ठेवलं.

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन घेऊन गावाबाहेर डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. त्यांचा ‘विवेकसिंधू’ शके 1110चा, म्हणजे 1188चा. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. तो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला लिहिला गेला, असं मानणारेही अभ्यासक आहेत. तो वाद मिटावा अशी मला घाई नाही. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, आणि स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह एकेक करून ओलांडले जातात. एवढा अवघड प्रवास त्या काळी मराठीत घडवायचा, यातली माया मला फार मोठी वाटते.

दुसरे दासोपंत. ते जन्मले 1551 साली, नारायणपेठेत. वडील बीदरच्या सुलतानाचे देशपांडे. परंपरा सांगते की, दुष्काळात सारा थकला, तेव्हा मुलाला ओलीस ठेवलं गेलं आणि पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, रूपात दत्ताने पैसे भरून त्याला सोडवलं. सुटलेला मुलगा घरात रमला नाही. माहूरला तप केलं, गोदेकाठी राक्षसभुवनला राहिला आणि शेवटी अंबाजोगाईत स्थिरावला. 1615 साली तिथेच देह ठेवला.

त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. मला मात्र ओढ होती ती पासोडीची. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद जाडंभरडं कापड. गरिबाने थंडीत अंगावर घ्यावं तसलं. त्यावर दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं. हे विश्व कशाचं झालं, ते.

त्यातला हिशेब रोकडा आहे. आपण तुडवतो ती माती निव्वळ पृथ्वी नव्हे. तिच्यात निम्मी पृथ्वी, आणि आप, तेज, वायू, आकाश यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. बाकीच्या चार भूतांचंही तसंच. देह याच मिश्रणाचा, म्हणून ऊस तोडणाऱ्या हाताचं आणि त्या उसाचं गोत्र एकच. साधकाने हा गुंता उलट्या क्रमाने उकलायचा: पृथ्वी आपात, आप तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. आकाशही विरलं की पाहणारा तेवढा उरतो. मुकुंदराजांचा शिष्य चार देह ओलांडून जिथे पोचतो, तीच ही जागा.