पाबळची मस्तानी

शिक्रापूरच्या चौकातून उत्तरेला वळलं की महामार्गाचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. कारखान्यांची कुंपणं संपतात, कांद्याची वावरं सुरू होतात, मध्येच बाजरीचं एखादं शेत, मध्येच बोडका माळ. शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यावर पावसाची मर्जी कधीच फार नव्हती. पेशवा पहिल्या बाजीरावाने केंदूर, पाबळ आणि लोणी ही तीन गावं मस्तानीला इनाम दिली. पुण्यात तिला घरात घ्यावं की नाही यावर खल चालू असताना इथल्या काळ्या-मुरमाड जमिनीचा वसूल तिच्या नावाने जमा होत होता.

पाबळ आज गजबजलेलं गाव आहे. पद्ममणी जैन तीर्थाला दूरदूरचे यात्रेकरू येतात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली उभा केलेला विज्ञान आश्रम शाळा सुटलेल्या पोरांना हाताने काम करवून शिकवतो. मस्तानीचं ठिकाण मात्र विचारत विचारत गाठावं लागतं. विचारलं की कुणी समाधी म्हणतं, कुणी मजार म्हणतं, आणि दोघांचाही हात एकाच दिशेला जातो.

भिंतींनी वेढलेलं आवार. आत पाऊल टाकण्याआधी चपला काढायच्या. दुपारच्या उन्हाने तापलेली फरशी तळव्यांना चटके देते, आणि मग समोर ती कबर येते: उघड्या आभाळाखाली, उत्तर-दक्षिण, साधी. वर घुमट नाही, नक्षीची जाळी नाही. राणीची म्हणावी अशी कसलीच खूण नाही. तिच्या जवळच नमाजाची लहानशी वास्तू, आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. मोठमोठ्या मशिदींत माणूस मान वर करून बघतो. इथे मान आपोआप खाली जाते.

मला तिथे खूप वेळ बसावंसं वाटलं. ऊन हळूहळू भिंतीवरून सरकत होतं आणि आवारात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पडद्यावरची मस्तानी आठवायचा प्रयत्न केला तर ती आलीच नाही. आरसेमहाल, झुंबरं, गिरक्या या सगळ्याला इथे शिरायला जागाच नाही. आली ती दुसरीच एक बाई. बुंदेलखंडातून निघालेली, अनोळखी भाषेच्या मुलखात आलेली, आणि जिच्यावर प्रेम करणारा माणूस वर्षातले कितीतरी महिने घोड्यावर असायचा अशी.

मोगल सरदार मोहम्मद खान बंगशाने बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाला कोंडीत पकडलं होतं. १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव फौजेसह धावून गेला आणि वृद्ध राजाची सुटका झाली. छत्रसालाने त्याला मुलगा मानून राज्याचा वाटा दिला, आणि मस्तानी त्याच नात्याने मराठी मुलखात आली. छत्रसालाचे गुरू महामती प्राणनाथ. त्यांच्या प्रणामी पंथात वेद आणि कुराण एकाच आदराने उघडले जात. त्या वातावरणातून आलेल्या मुलीला पुण्याचा सोवळ्याचा उंबरठा किती परका वाटला असेल, याचा विचार करताना माझ्या घशाशी दाटून येतं. तिच्यासाठी हे धर्माचं भांडण नवं होतं. तिच्या माहेरी ते कधीचंच मिटलेलं होतं.

१७३४ साली तिला मुलगा झाला. बाजीरावाने त्याचं नाव कृष्णराव ठेवलं, त्याची मुंज व्हावी अशी त्याची इच्छा होती. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. मुलगा शमशेर बहादूर झाला. १७४० च्या आरंभी पेशव्यांच्या घरी मुंज आणि लग्नाची धामधूम असताना मस्तानीला पुण्यात अडकवून ठेवलं होतं. बाजीराव स्वारीवर होता. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला तो गेला. वय एकोणचाळीस. पाठोपाठ मस्तानीही गेली. विष घेतलं म्हणणारे आहेत, धसका घेतला म्हणणारे आहेत. कागदपत्रं तिच्या शेवटच्या दिवसाबद्दल गप्प आहेत. ज्या घराने तिला आयुष्यात ओळख दिली नाही, त्याच्या दप्तराने तिच्या मरणाची तरी नोंद कशाला ठेवावी?

पण पोरकं झालेलं सहा वर्षांचं पोर बाजीरावाच्या पत्नीने, काशीबाईने, आपल्या मुलांबरोबर वाढवलं. या सगळ्या कथेत मला सगळ्यांत मोठी वाटते ती ही बाई. सवत म्हणून तिने काय सोसलं असेल ते सोसलं असेल, तरी शमशेरला तिने टाकलं नाही. तो मराठी फौजेत लढला, १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवराव भाऊंच्या सैन्यात होता, जखमी होऊन सुरजमल जाटाच्या मुलखात पोचला आणि तिथेच गेला. सत्तावीस वर्षांचा. त्याचा मुलगा अली बहादूर बांद्याला गेला, आणि १८५७ मध्ये त्याच घराण्यातला बांद्याचा नवाब दुसरा अली बहादूर रावसाहेब पेशव्यांच्या बरोबरीने इंग्रजांशी लढला. मुंज नाकारलेल्या पोराचा वंश पुन्हा पेशव्यांच्याच बाजूने उभा राहिला.

आता बघा, बाप नर्मदेच्या काठी, मुलगा भरतपूरच्या मातीत, आणि आई इथे, पाबळमध्ये. जिवंतपणी एका छपराखाली ज्यांना नीट नांदू दिलं नाही, त्यांना मरणानंतरही तीन प्रांतांनी वाटून घेतलं.

पुण्याने तिचं काय राखलं? शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला तिचं नाव होतं, पुढे त्यालाही अली बहादूर दरवाजा म्हणू लागले. कोथरूडच्या तिच्या महालाचे सुटे भाग राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले आहेत, आणि केळकरांनी ते जतन केले म्हणूनच आज बघायला मिळतात. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने तिला घराघरांत नेलं. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ लिहून दंतकथांची धूळ झटकायचं कष्टाचं काम केलं. पण जमीन राखली ती या दुष्काळी गावाने. त्याला ना तिच्या जातीची अडचण झाली ना धर्माची. ती या गावाची इनामदार होती, इथेच निजली, एवढं गावाला पुरेसं होतं.

तिच्यावर चित्रपट निघाल्यापासून गाड्या अधूनमधून वळतात, लोक कबरीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. येऊ द्यावं त्यांना. पण या आवाराला रंगरंगोटी, कारंजी, नायिकेचे फलक यांचा सोस नको. भिंती ढासळू नयेत, झाडोरा वाढू नये, आणि दाराशी तिच्या आयुष्यातल्या खात्रीच्या चार गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात, इतकं झालं तरी पुष्कळ. पुण्यातल्या शाळांच्या सहली दरवर्षी शनिवारवाड्यावर जातात. त्यातली एखादी बस पाबळलाही आणा, आणि मुलांना शमशेरची गोष्ट तिथे, त्याच्या आईजवळ सांगा.