बोट कोणासाठी थांबत नाही

मुंबई, कोकण आणि गोव्याकडची कितीतरी मुले आज प्रवासी बोटींवर नोकरीला आहेत. कोणी भटारखान्यात, कोणी खोल्या आवरण्याच्या कामावर, तर कोणी इंजिनात. अशा मुलांच्या घरच्यांना काही कंपन्या सवलतीच्या भाड्यात बोटीवर येऊ देतात. आमचा भाचा असाच एका बोटीच्या भटारखान्यात आहे. त्याच्यामुळे आम्हां तिघी बहिणींना भूमध्य समुद्राची सात रात्रींची सफर घडली. विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र आम्ही भिशीतून आणि निवृत्तीच्या रकमेतून उभे केले. म्हणूनच एक दिवसही फुकट जाऊ नये, ही काळजी होती. ज्यांच्या घरी असा योग येईल, त्यांच्यासाठी हा तयारीचा हिशेब.

भाच्याने आधीच बजावले होते, "मावशी, बंदरात बोट लागली तरी माझी ड्यूटी चालूच असते. खाली तुमचं तुम्हालाच फिरावं लागेल."

आमच्या थोरल्या आक्का सत्तरीच्या, गुडघे दुखरे. एरवी कोठेही गेलो, की पायथ्याशी बसून त्या म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या गं, मी इथंच बसते." गडावर तेच, जत्रेत तेच. या सफरीत आक्कांना मागे बसवायचे नाही, असे आम्ही दोघी धाकट्यांनी ठरवले. सगळी आखणी त्यांच्या चालीवर केली. नियम तीन. एका बंदरात एकच ठिकाण. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त चालणे नाही. आणि बोट सुटण्याच्या दोन तास आधी बंदरावर परत.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. बोट सकाळी सात-आठला लागते आणि संध्याकाळी पाच-सातच्या दरम्यान सुटते. त्याआधी अर्धा ते एक तास सर्वांनी वर आलेच पाहिजे. ती वेळ उतरताना दारापाशी लिहिलेली असते, ती कागदावर टिपून घ्यावी. बोटीचे घड्याळ कोणते, तेही विचारावे, कारण मोबाइल कधी कधी वेगळीच वेळ दाखवतो. बोट चुकली, तर पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावे लागते. बोटीच्या स्वतःच्या सहली महाग असतात. पण त्यांची बस अडकली, तर प्रवाशांना बोटीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी बोटीवाल्यांची असते. जेथे अंतर फार, तेथे याचा विचार जरूर करावा.

आता सामान. स्पेन, फ्रान्स आणि इटली या तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. बोट मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाणार असेल, तर मात्र अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बोट सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरी पोचावे. विमानाला उशीर झाला, तरी जीव टांगणीला लागत नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, औषधे, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. औषधे आठवडाभराची जास्त घ्यावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इस्त्री, पाणी तापवायची कांडी, विजेची किटली बोटीवर चालत नाही. आगीच्या भीतीने काढून घेतात. पेढे, बर्फी, सुके मटण घरीच ठेवावे, कारण बाहेरून येणारे दुधा-मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही दुकानातल्या बंद पाकिटांत नेली.

बूट नवे घेऊ नयेत. पायात मुरलेलेच घ्यावेत, तिकडचे जुने रस्ते दगडी आहेत. देवळांत आणि मोठ्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळे साडीला काहीच अडचण नाही. आक्कांसाठी घडीची काठी आणि घडीचे छोटे स्टूल घेतले. त्या स्टुलाने आमची अर्धी सफर तारली. समुद्रात असताना मोबाइल विमानातल्यासारखा बंद ठेवावा. नाही तर बोटीच्या नेटवर्कचे बिल घरच्या महिन्याच्या किराण्याइतके येऊ शकते.

आमची बोट बार्सिलोनाहून सुटली. पहिले बंदर पाल्मा. तेथे मोठे कॅथेड्रल बाहेरून पाहिले आणि सावलीत बसलो.

मार्सेयला बोटींचा धक्का शहरापासून बराच दूर आहे, बसने जावे लागते. जुन्या बंदरावर सकाळी कोळी लोक ताजे मासे मांडून बसतात. आम्ही तेवढाच बाजार पाहिला. भाव करणाऱ्या बायकांचा सूर ऐकून आक्का म्हणाल्या, "हा तर आपला भाऊचा धक्का!"

ला स्पेझियाहून बहुतेक लोक फ्लॉरेन्सला धावतात. जाऊन-येऊन चार तासांहून जास्त वेळ नुसता प्रवासात जातो. आम्ही आगगाडीने दहा मिनिटांवरच्या रिओमाज्जोरे गावी गेलो. डोंगराच्या उतारावर रंगीत घरे, खाली समुद्र. पायऱ्या फार, म्हणून वरच्या बाजूलाच बसून पाहिले.

"रोम" म्हणून जे बंदर दाखवतात, ते चिविताव्हेक्किया. तेथून रोम सुमारे 80 किलोमीटर. साध्या गाडीने तासाभरात सान पिएत्रो स्टेशन येते. कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्यावा, नाही तर दंड होतो. तेथून सेंट पीटर्स चर्च चालत जवळ आहे. आत जायला पैसे नाहीत, पण तपासणीची रांग मोठी असते. आक्का स्टुलावर बसत बसत रांगेत पुढे सरकल्या. कलोसियम पाहायचे सोडून दिले. परतताना गाडी मध्येच चाळीस मिनिटे उभी राहिली. डब्यातली काही माणसे घड्याळ पाहून रडकुंडीला आली होती. आम्ही तरीही वेळ हाताशी ठेवून धक्क्यावर पोचलो.

शेवटचे बंदर नेपल्स. येथे बोट शहराला खेटूनच लागते. पाँपेईचे अवशेष जगप्रसिद्ध आहेत, पण तेथे उन्हात दगडी रस्त्यांवर तीन-चार तास चालावे लागते. आम्ही पुराणवस्तू संग्रहालय निवडले. बंदरासमोरच्या मुनिचिपियो स्टेशनवरून मेट्रोने तिसरे स्टेशन, मुझेओ. मंगळवारी ते बंद असते, म्हणून बोटीचा वार आधी पाहावा.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक होऊन पाँपेई राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता अनेक अभ्यासक यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. त्या काळी आपल्या बंदरांतून रोमन साम्राज्याशी मोठा व्यापार चाले. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, ते याच ये-जा करणाऱ्या जगातले.

कार्ल्याला आम्ही गेलो होतो, तेव्हा आक्का खालीच बसल्या होत्या. ते लेख त्यांनी पाहिलेले नाहीत. मूर्तीसमोर मात्र त्या स्टूल उघडून बसल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिचे पैंजण बघ, आपल्या आजीचे असेच जड होते." आम्हा दोघींचे पैंजणांकडे लक्षच गेले नव्हते.

ज्यांच्या घरात आक्कांसारखे कोणी असेल, त्यांनी बंदरांची यादी घेऊन आधी त्यांच्याशेजारी बसावे. किती चालवेल, किती वेळाने बसावे लागेल, औषध कधी घ्यायचे, हे विचारून घ्यावे आणि मगच ठिकाणे ठरवावीत. आणि घडीचे स्टूल विसरू नये.