उंच म्हणजे वाढलं का?

रंगीत उजेडात रोपं वाढवण्याचा प्रयोग कुठल्याही वर्गात हमखास रंगतो. साहित्य स्वस्त: बुटांचे रिकामे खोके, लाल, निळे, हिरवे जिलेटिन कागद आणि मूठभर भिजवलेले मूग. झाकणाला खिडकी कापून तिच्यावर कागद चिकटवला की झालं. अनुमान पोरांना आधीच पाठ असतं: लाल-निळ्यात जोमदार, हिरव्यात खुरटं. मी एक खोका जास्तीचा ठेवते, पूर्ण बंद. आठवड्याने झाकणं उघडली की सगळे मोजपट्ट्या घेऊन तुटून पडतात आणि पहिला नंबर काळोखातल्या मुगाचा येतो!

तो मूग मी हातात घेऊन बघायला लावते. देठ पांढराफटक, लांबलचक, बोट लागलं तर कट्‌कन मोडेल असा. शेंड्याशी मान अजून वाकलेली, आणि तिथे दोन पिवळी, न उलगडलेली पानं. आपण अजून जमिनीखालीच आहोत असं समजून रोप सगळी पुंजी देठ लांबवण्यात घालतं. उजेड लागला की मान सरळ होते, पानं पसरतात, उंचीची घाई संपते. देवघरातल्या घटाचं धान पिवळं आणि लांब उगवतं ते यामुळेच. त्याच्या उंचीवरून पीकपाण्याचा अंदाज बांधणाऱ्या आजोबांना हे सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.

म्हणून प्रयोगवहीत 'उंची'च्या शेजारी 'सुकं वजन' हा रकाना आखायचाच. मूग धुतलेल्या वाळूत लावावेत, म्हणजे मुळं न तुटता स्वच्छ निघतात. पेरायच्या आधी तेवढेच मूग बाजूला काढून, खडखडीत वाळवून तोलायचे. शेवटी रोपं मुळांसकट वर्तमानपत्रावर उन्हात टाकायची, वजन उतरायचं थांबलं की काट्यावर घ्यायची. उपटण्याआधी दोनेक आठवडे तरी थांबावं लागतं. तोवर काळोखातली रोपं माना टाकतात, टाकू द्यावीत. ती तोलली की वर्ग गप्प होतो, कारण वीतभर वाढलेल्या त्या रोपांचं वजन मूळ बियांपेक्षाही कमी भरतं. श्वसनात बियांतलं अन्न जळलं, नवं तयार झालंच नाही.

थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली शेवाळाच्या तंतूवर लोलकातून पाडलेला वर्णपट टाकला, तेव्हा त्यानेही लांबी मोजली नव्हती. प्राणवायूकडे धावणारे जिवाणू त्याने पाण्यात सोडले, आणि त्यांची गर्दी लाल आणि निळ्या पट्ट्यांत झाली. काय मोजायचं हे ठरवण्यात निम्मा प्रयोग असतो.

हिरव्याची मात्र आपण फारच बदनामी केली आहे. पान हिरवं दिसतं म्हणजे हिरवा प्रकाश सगळाच परत पाठवतं असं नाही. बराचसा आत मुरतो. १९७२ मध्ये मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या पानांवर मोजमापं केली, तेव्हा हिरव्यातही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चाललेलं दिसलं. 'बाई, मग नर्सरीवर हिरवी जाळी कशी चालते?' असं एखादा विचारतोच. जाळीच्या भोकांतून साधं ऊनच खाली येतं. रंग धाग्याचा, सावली धाग्याची.

आणखी एक पाचर: निळा कागद बहुधा लालपेक्षा कितीतरी कमी उजेड आत सोडतो. मग फरक रंगाचा की उजेडाच्या मात्रेचा? मोबाइलवरचं प्रकाश मोजणारं अ‍ॅप इथे फसवतं, कारण ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं आणि हिरव्याला जास्त गुण देतं. रंगहीन कागदाचा खोका तुलनेला हवाच. निव्वळ रंगाचा परिणाम हवा असेल तर खिडकी झाकणाऐवजी बाजूला कापावी. निळ्या कागदाच्या खोक्यात रोपं खिडकीकडे वळतात, लालमध्ये जवळजवळ सरळच राहतात. झुकण्याचा इशारा निळ्या प्रकाशातून मिळतो, आणि हे दिसायला तराजूही लागत नाही.

बाकी सगळ्यासाठी लागतो. तेव्हा शिक्षक मित्रमैत्रिणींनो, यंदा साहित्याची यादी कराल तेव्हा जिलेटिन कागदाच्या आधी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लिहा. मुख्याध्यापक कां-कूं करतील. त्यांना काळोखातला मूग नेऊन दाखवा.