हरळीचा हिशेब

सौंसरच्या आमच्या संत्र्याच्या बागेत हरळी हा शत्रू समजला जाई. तिचे एक कांडे जरी मातीत राहिले, तरी पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा पसरे. बाबा ती कुदळीने खणून धुऱ्यावर फेकीत आणि भाद्रपदात आई त्याच धुऱ्यावरून गणपतीसाठी दूर्वा खुडून आणी. पुढे हीच हरळी वाढवण्यावर मुलाचा चरितार्थ चालेल, असे त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मी गोल्फची मैदाने आखतो. नागपूरला वास्तुशास्त्र शिकलो आणि पुढे एका अनुभवी रचनाकाराच्या हाताखाली हे काम शिकलो. गोल्फ आपल्या देशाला नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल क्लब 1829 सालचा, तर चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब 1927 सालचा. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनीही भारतात मैदाने घडवली. उष्ण प्रदेशातील मैदानांवर बहुधा जी ‘बर्म्युडा’ लावतात, ती म्हणजे आपली हरळी किंवा तिचे संकरित वाण. चेंडू ज्या ग्रीनवर छिद्रात जातो, तिच्या पोटात चार इंच खडी व त्यावर बारा इंच वाळूचा थर घालण्याची पद्धत आहे. वाळूत पाणी थांबत नाही. म्हणून ते पुनःपुन्हा द्यावे लागते.

माझा हात लागलेले पहिले मैदान महाराष्ट्रातील एका खडकाळ माळावर तयार झाले. मोठ्या अभिमानाने मी बाबांना तेथे नेले. काठी टेकून ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “सुंदर आहे. पण या गवताले पानी किती लागते रे?”

मला उत्तर देता आले नाही. रात्री हिशेब मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. आम्ही 40 हेक्टरांवर गवत लावले होते. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर रोजचे वीस लाख लिटर! त्या एप्रिलात शेजारच्या वाडीत बायका टँकरची वाट पाहत उभ्या होत्या. विहिरी आमच्यामुळेच आटल्या, असे मी सिद्ध करू शकत नाही. आमच्यामुळे आटल्या नाहीत, असेही म्हणवत नाही.

पुढे 2015 साली गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल येथे, काजूच्या बागांच्या जागी होऊ घातलेल्या गोल्फ-मैदानाविरुद्ध गावकरी उभे राहिले. ती बातमी वाचताना मला बाबांचाच प्रश्न ऐकू आला.

उत्तरही बाबांच्याच बागेत होते. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचे पाणी तोडायचे, त्याला ताण द्यायचा आणि जानेवारीत पुन्हा पाणी सोडायचे, हे सौंसर-पांढुर्ण्याचा प्रत्येक बागवान जाणतो. झाडाला सदा ओले ठेवणे ही माया नव्हे. हरळीचेही तसेच आहे. रोज शिंपडले तर मुळे वरच राहतात. दिवसाआड पण खोल पाणी दिले तर ती खाली उतरतात. खेळ ज्या पट्ट्यांत होतो, तेवढेच गवत भिजवावे, बाकी माळ मारवेल-पवन्यासाठी सोडावा, पावसाचे पाणी तळ्यांत धरावे आणि शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, हे मी हळूहळू शिकलो.

अशाच एका नकाशात मी भिजवायचे गवत निम्म्यावर आणले. मालकांना सरसकट हिरवे हवे होते. नकाशा बदलण्यास मी नकार दिला आणि ते काम गेले. घरी दोन वर्षे ओढाताण झाली. बाबांना कळवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पानी वाचलं का?” मला ‘हो’ म्हणता आले नाही, ते मैदान दुसऱ्याने आखले.

आता बाबा नाहीत. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आमचे सौंसर त्यात आले. आपल्या घरांतील कोणा मुला-मुलीला या व्यवसायात यावेसे वाटले, तर वास्तुशास्त्र किंवा भूदृश्यरचना अवश्य शिकावी. परंतु एक उन्हाळा संत्र्याच्या बागेतही काढावा. मी आजही कोऱ्या कागदावर पहिले छिद्र आखण्यापूर्वी कोपऱ्यात पाण्याचा आकडा लिहितो. तो जुळला नाही, तर पेन्सिल खाली ठेवतो.