वैशाखातले रहिवासी

हिवाळ्यात आपण पाहुणे पाहतो. दिवाळी सरली की उत्तरेकडून चक्रवाक उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, उजनीच्या उथळ पाण्यात रोहितांचे थवे उभे राहतात. गावोगावचे पक्षीवेडे दुर्बिणी पुसून भल्या पहाटे बाहेर पडतात. होळी झाली की ही वर्दळ ओसरते. चैत्र तापू लागतो, तळी आटतात आणि आता काय दिसणार म्हणून दुर्बिणी कपाटात जातात. मला मात्र ओढ लागते ती नेमकी याच दिवसांची. जाणारे निघून गेलेले असतात. मागे उरतात ते इथले. उन्हाला भिऊन त्यांना कुठे जायचं नसतं. उलट ऐन उन्हात घरटं मांडायचं असतं, पिल्लं वाढवायची असतात. त्यातले काही इतके थोडे उरलेत, की त्यांचं दिसणं हा आनंद असतोच, पण त्याबरोबर एक जोखीमही आपल्या हाती येते.

सोलापूर, करमाळा, कर्जत या बाजूचा माळ एप्रिलमध्ये पाहावा. गवत वाळून पिवळं पडलेलं, पायजम्याला कुसळं चिकटतात, अधूनमधून हिवराचं किंवा बोरीचं एखादं झुडूप, आणि बाकी सगळा मुरूम. रस्त्याने जाणाऱ्याला इथे काहीच दिसत नाही. पण सकाळी सातच्या आत तिथे निमूट बसलं, की माळ हलू लागतो. डोंबारी चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर उसळी घेतो. दूरवर काहीतरी तुरुतुरु धावतं, थांबतं, मान ताठ करतं, पुन्हा धावतं. तो धाविक. तांबूस डोकं, डोळ्यावरून मागे गेलेली काळी-पांढरी रेघ, फिकट उंच पाय. धावताना दिसतो आणि थांबला की मातीत विरून जातो. त्याची अंडी तर उघड्यावरच असतात. ना काडी, ना कोपरा. मातीच्या रंगावर सगळी भिस्त.

या माळावर फिरताना एकदा मेंढरं चारणाऱ्या एका धनगरदादांनी आम्हाला हाताने लांब वळवलं. “तितं टिटवी बसलीया. वाईच लांबनं चला.” त्यांनी आपला कळपही तिरका नेला होता. बसलेली होती पीतमुखी टिटवी. डोळ्यापुढे पिवळा लोंबता पडदा, डोक्यावर काळी टोपी, पिवळे पाय. नदीकाठची ताम्रमुखी टिटवी आपल्या ओळखीची. आरडाओरडा करून ती सगळं रान डोक्यावर घेते. ही मात्र कोरड्या माळाची, अबोल. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला, खोलगटात घातली तर ओढ देणार, असा ठोकताळा जुनी माणसं बांधतात. त्या ठोकताळ्यापायी का होईना, टिटवी कुठे बसली हे गावाला ठाऊक असायचं. ते ठाऊक असणं हेच तिचं कुंपण होतं.

दुपारी बाराला पारा 40 अंशांच्या पुढे गेला, की मुरुमावर उघडा हात ठेवता येत नाही. त्या मुरुमावर चार अंडी. अशा वेळी टिटवी अंडी उबवत नसते, थंड राखत असते. ती अंड्यांवर पाय ताणून उभी राहते, सूर्य सरकेल तशी स्वतः वळते आणि आपली सावली त्यांच्यावरून ढळू देत नाही. जवळपास पाणी असलं तर जोडीतलं एक जण तिथे जाऊन पोटाची पिसं भिजवून येतं आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतं. अर्धा तास कुणी जवळ उभं राहिलं, टिटवी घाबरून लांब थांबली, तर त्या अर्ध्या तासात आतला जीव शिजून जाऊ शकतो. हे कळल्यापासून मी दुपारचा माळ तुडवत नाही.

पाण्याची हीच विद्या पखुर्डीकडे आहे आणि तिने ती आणखी पुढे नेली आहे. पखुर्ड्या दाणे खाऊन जगतात, म्हणून त्यांना रोज पाणी लागतं. ऊन थोडं चढलं की आकाशातून त्यांची घोगरी हाक ऐकू येते आणि पाठोपाठ टोकदार शेपट्यांची जोडी किंवा थवा पाणवठ्याकडे झेपावतो. पिल्लं झाली की नर पाण्यात पोटापर्यंत उतरतो. त्याच्या पोटाच्या पिसांची घडणच वेगळी, पाणी शोषून धरणारी. तो तसाच भिजलेला उडत माळावर परततो आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी चोखतात. लेकराच्या कोरड्या ओठांवर आईने ओला पदर पिळावा, तसं हे बापाचं करणं. पाणवठ्यावर शिकाऱ्याने पाल ठोकलं, भटकी कुत्री बसली किंवा मोटारी येऊन थांबल्या, तर हा बाप रिकामा परततो. पाण्याचं एक डबकं आणि त्याच्याभोवतीचा निर्धास्तपणा, एवढ्यावर एका पिढीचं तगणं अवलंबून असतं.

याच माळाचा खरा धनी माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. नराचं वजन 15 किलोपर्यंत भरतं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतका जड पक्षी जगात विरळा. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सालिम अलींनी याचंच नाव पुढे केलं होतं. आज सगळ्या भारतात मिळून त्याची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी ती बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. माळाची शेती झाली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. समोरचं नीट न दिसणारा हा जड पक्षी ऐन वेळी वळू शकत नाही आणि तारांवर आदळतो. पिकं घेणारा शेतकरी काही त्याचा वैरी नाही. कोरड्या रानात पाणी यावं ही त्याच्याही कित्येक पिढ्यांची आस होती. पण माळ राखायचा म्हणजे काही राखायचं, हेच आपल्याला फार उशिरा कळलं. झाडं नसलेल्या जमिनीवर झाडं लावणं म्हणजे तिचं भलं, असं आपण धरून चाललो. ज्या गवतावर माळढोक वाढला, तिथे खड्डे खणून रोपं लावली. माळाला सावली लागत नाही. त्याला गवत लागतं, आणि शांतता.

वैशाखात मी नदीकडे वळतो. भीमेवर उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं. एप्रिल उजाडला की त्याचं पाणी उतरू लागतं आणि बुडालेली जमीन बेटाबेटांनी वर येते. कुठे जुन्या देवळाचा कळस दिसतो, कुठे गाळाची लांबट पट्टी. त्या पट्ट्यांवर नदी सुरय घरटी करतात. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी मखमली टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. सुरय पाण्यावरून उडतो तेव्हा त्याच्या पंखांचा ठेका नावेच्या वल्ह्याशी जुळतो असं वाटत राहतं. वाळूत नुसता एक खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. शेजारीच लहान आर्लींची वसाहत. कुणी जवळ गेलं की आर्ली पंख मोडल्याचं सोंग घेऊन वाळूवर लोळतात आणि आपल्याला अंड्यांपासून दूर ओढत नेतात.

एकेकाळी प्रत्येक मोठ्या नदीवर दिसणारा हा सुरय आता जगाच्या धोक्याच्या यादीत गेला आहे. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला हवी ती वाळू आपल्यालाही हवी असते. नदी जिथे आटून वाळूच्या पट्ट्या उघड्या पडतात, तिथेच डंपर उतरतात. धरणातून आवर्तन सुटलं की खालच्या अंगाची बेटं एका रात्रीत बुडतात. पाणी सोडणारा हात तहानलेल्या शहरासाठी सोडतो, ते थांबवा असं कोण म्हणेल? पण पाणी केव्हा आणि किती वेगाने सोडायचं, हे ठरवताना नदीतल्या घरट्यांचा कुणी विचार केला आहे, असं मला एकदा ऐकायचं आहे.

माळ आणि नदी उघड्यावरच्या. सातपुड्याची गोष्ट झाडोऱ्यातली. मार्च-एप्रिलमध्ये सागाची पानं गळून जातात, मोहाची फुलं पहाटे जमिनीवर टपटपतात आणि एरवी न भेदता येणारं रान आरपार दिसू लागतं. याच रानात रानपिंगळा राहतो. घुबड असून दिवसा वावरणारा, सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून सरड्यावर नजर ठेवणारा, शेपटी डावी-उजवीकडे झटकत बसणारा. त्याच्या डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात, आणि पाय पिसांनी भरलेले असतात.

1873 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1884 नंतर तो कुणाच्याच हाती लागला नाही. मध्येच 1914 साली गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना संग्रहालयात होता आणि शोधणारे त्या पत्त्यावर फिरून रिकाम्या हाताने परतत होते. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला आणि तो मुळात खानदेशातून डेव्हिडसन यांनी गोळा केलेला, पुढे पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मग शोध खऱ्या जागांकडे वळला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, 113 वर्षांनी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो दिसला. एका खोट्या नोंदीने एका पक्ष्याचा माग इतका काळ चुकवला, हे आठवलं की वहीत तारीख आणि गाव लिहिताना माझा हात सावध होतो.

पुढे तो तोरणमाळला सापडला, यावलला, मेळघाटात. 2014 मध्ये तर तानसाच्या अभयारण्यात, म्हणजे मुंबई ज्या तलावाचं पाणी पिते त्याच्या काठच्या रानात. तिथे तो नव्याने आला असेल असं मला वाटत नाही. तो असणारच, त्याच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. 2018 मध्ये त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली, ती अशाच नव्या ठिकाणच्या नोंदींमुळे. बारीक, कसोशीच्या नोंदी काय करू शकतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

वैशाख संपत आला की कोकणात उकाडा असह्य होतो आणि दक्षिणेकडून दोन रंगीत जीव घर करायला येतात. पहिला नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो मे महिन्यात उत्तरेकडे निघतो. रात्रीचा प्रवास, वाटेत शहरांचे दिवे आणि काचा. थकून कुणाच्या गच्चीत, कुणाच्या जिन्यात तो उतरतो आणि मुंबई-पुण्यात त्याचे फोटो फिरू लागतात. असा नवरंग सापडला, तर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी त्याला विसावू द्यावं, चोचीत पाणी ओतू नये, जखम असेल तर जाणकारांना कळवावं आणि बरा दिसला तर संध्याकाळी झाडीजवळ सोडावं. आठवड्याभरात कर्नाळ्याच्या किंवा फणसाडच्या रानात त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला घुमू लागते. मान मागे टाकून, चोच आकाशाकडे करून तो ती घालतो.

दुसरा तिबोटी खंड्या. हाताच्या मुठीत मावेल एवढा, आणि अंगावर इतके रंग की पाहणारा त्यांची यादी विसरतो. पहिल्या सरींच्या सुमाराला तो ओढ्याकाठच्या ओल्या दरडीत बोगदा कोरतो. पिल्लांसाठी पाली, सापसुरळ्या, खेकडे, टोळ आणतो. रायगडाने त्याला आपला जिल्हा पक्षी केलं, याचा मला फार आनंद आहे. पण मान देऊन त्याची दरड वाचत नाही. रस्ता रुंद करताना, घराचं जोतं काढताना, शेताचा बांध सरळ करताना जी माती कापली जाते, त्याच मातीत त्याचं घर असतं. जून लागायच्या आत ओढ्याच्या कडा तोडून झालेल्या असाव्यात किंवा पावसाळा सरेपर्यंत हात लावू नये, एवढं ग्रामपंचायतीच्या पातळीवरही ठरवता येईल.

आता एखादा दुर्मिळ पक्षी दिसला, की मिनिटाच्या आत त्याची जागा दहा गटांत पोचते आणि दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहतात. हिवाळ्यातला पाहुणा त्रास झाला तर दुसऱ्या तळ्यावर जातो. अंड्यांवर उभ्या असलेल्या टिटवीला जायला जागा नसते. म्हणून उन्हाळ्याच्या नोंदींचा माझा नियम साधा आहे. तारीख, तालुका, अधिवास, वागणूक, सगळं नेमकं लिहायचं आणि अभ्यासकांपर्यंत पोचवायचं. घरट्याची जागा मात्र स्वतःपाशी आणि राखणाऱ्या गावापाशी ठेवायची. माळावर गाडी वाटेखाली उतरवायची नाही, वाळूच्या बेटावर पाय ठेवायचा नाही, ड्रोन उडवायचं नाही, घरट्याचा फोटो काढायचा नाही.

आणि तरीही पाहायला जायचंच. कारण न पाहिलेल्या रानाची बाजू कुणी मांडत नाही. रानपिंगळा तानसाला सापडला तो कुणीतरी तिथे पाहत होतं म्हणून. माळावरची टिटवी वाचली ती धनगरदादांना तिची जागा ठाऊक होती म्हणून. पाहणं आणि लांब राहणं ही दोन्ही कामं एकाच माणसाला जमतात. या चैत्रात दुर्बीण कपाटात ठेवू नका. आपल्या तालुक्यातला एखादा माळ, एखादा ओढा, एखादी वाळूची पट्टी निवडा, दर उन्हाळ्यात तिथे जा आणि तिथे काय आहे ते लिहून ठेवा. उद्या कुणी ती जागा रिकामी आहे असं म्हणालं, तर तुमची वही पुढे करता येईल.