जब्याचा नकार

‘फँड्री’च्या सुरुवातीलाच जब्या आणि पिऱ्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतात. ती चिमणी जाळायची, राख वर्गातल्या शालूच्या अंगावर टाकायची, की शालू आपली झालीच. २०१४च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा हा सिनेमा पाहिला, तेव्हा मी नुकताच जोसेफ कॅम्पबेल वाचला होता. जगभरच्या पुराणकथांच्या तळाशी एकच प्रवास आहे, असं त्यानं १९४९च्या आपल्या ग्रंथात मांडलं: नायकाला हाक येते, तो घर सोडतो, कसोट्यांतून जातो आणि काहीतरी मिळवून परततो. अंधारात बसून मी जब्याला त्या नकाशावर ठेवत होतो. दुर्मीळ पक्षी आहे, ध्यास आहे, जब्याला जीव लावणारा सायकल दुकानवाला चंक्या आहे. सगळं बसतंय असं वाटलं.

मग बसेना.

‘स्टार वॉर्स’मधला ल्यूक हाक देणाऱ्या ओबी-वानला आधी नाहीच म्हणतो. काकाच्या शेतातलं काम टाकून कसा येऊ, ही त्याची अडचण. पण काका-काकू मारले जातात, घर जळतं आणि तो निघतो. त्याचा नकार म्हणजे वाटेतला छोटा थांबा. जब्याला मात्र हाक येते ती गावाकडून: डुक्कर सुटलंय, धरायला या. कैकाड्याच्या पोरानं आणखी काय करायचं? त्या हाकेला ‘नाही’ म्हणणं हाच त्याचा सगळा प्रवास. नाक सरळ व्हावं म्हणून तो चिमटा लावतो, तोंडाला पावडर फासतो, जीन्ससाठी पैसे जमवायला धडपडतो. त्याला घर सोडून कुठं जायचं नाही. घर आधीच गावाबाहेर आहे. त्याला आत यायचंय.

त्याला मागे खेचणारा बाप राक्षस नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. किशोर कदमांचा कचरू लेकीच्या लग्नाच्या पैशांपायी वाकलेला आहे. वाकून वाकून त्याचा आवाजसुद्धा खाली बसलाय. असा बाप समोर असला की पोरानं लढायचं कुणाशी?

शाळेजवळ सगळं घर डुकरामागे धावतं आणि वर्गातली पोरं बघायला गोळा होतात. त्यांत शालूही आहे, हसणारी. जब्या आडोशाला लपतो. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. कचरूचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर तेवढं चालत राहतं. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतले दोघं-तिघं अर्धवट उठले, मग चाचरत खाली बसले. मीही खुर्चीचे हात धरले होते. मान द्यायला सगळ्यात आधी उभी राहिलेली माणसं तीच होती, ज्यांना त्या आवारात कुणी मान देत नव्हतं.

पुढे लपलेल्या जब्याला बाप शोधून काढतो, सगळ्यांदेखत मारतो. जब्या डुक्कर धरायला उतरतो. त्याचा नकार तिथं मोडला, आणि मला तो पराभव अजून सहन होत नाही. डुक्कर काठीला बांधून निघतं ते शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा. मागून टवाळ पोरांचे टोमणे. मग जब्या वळतो, दगड उचलतो. शेवटचा दगड थेट पडद्याबाहेर येतो आणि काळोख होतो.

तो दगड आपल्यालाच लागतो, असं पुष्कळांनी लिहिलं. खरं आहे. पण मला राहून राहून त्या हाताची काळजी वाटते. कॅम्पबेलचा नायक उंबरठा ओलांडला की वेगळ्या जगात जातो, ल्यूकला तर अख्खं आकाश मोकळं मिळतं. जब्यानं दगड मारला तो त्याच गावात, जिथं संध्याकाळी त्याच्या आईला चूल पेटवायची आहे, बापाला पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहायचंय. आणि सकाळी दप्तर घेऊन त्याला त्याच भिंतीवरून शाळेत जायचंय.